कोरड्या दाण्यांचं ताट

"ताटमा बठ्ठं शे," म्हणजे ताटात सगळं आहे, असं म्हणून महाराज ताट खाली ठेवायचे, दोन पावलं मागे सरायचे आणि हात धोतराला पुसायचे. हात कोरडेच असत, तरी पुसायचे.

त्या ताटात शिजलेलं काही नसायचं. मोठ्या पितळी ताटात चिमूट चिमूट शिधा मांडलेला: मुगाची डाळ, बेसनाच्या गट्ट्यांच्या भाजीसाठी हरभऱ्याचे चार दाणे, पापडाचा तुकडा, ताजी भाजी असेल तर तिचं एखादं पान, आणि शिऱ्यासाठी रवा, त्यावर एक बेदाणा. दिवसाचा बेत असा रोज सकाळी सात वाजता शेठजींच्या झोपाळ्यापुढे सादर होई. शेठजी बेदाणा उचलून तोंडात टाकत. बेदाणा खाल्ला की बेत मंजूर. मग ते ताट रसोड्यातल्या ओट्यावर राही आणि जेवणं आटोपली की दाणे ज्याच्या त्याच्या डब्यात परत जात.

ही सत्तर सालाच्या आगेमागची गोष्ट. जळगावातलं जिनिंगवालं मारवाडी जैन घराणं. मी त्यांच्याकडे हंगामी कारकून होतो आणि सकाळी शेठजींची पत्रं लिहायला बंगल्यावर जायचो. दुपारी जेवणाचं पानही तिथंच मिळायचं. महाराज म्हणजे आचारी. त्या घरात आचाऱ्याला महाराजच म्हणत. चार वर्षं ज्याच्या हातचं जेवलो त्याचं नावही मी कधी विचारलं नाही. यावरून माझी काय ती ओळख करून घ्या.

महाराजांचे वडील मारवाडातून आले, पण ते स्वतः धरणगावला वाढले. ताट ठेवतानाचं ते एक वाक्य सोडलं तर शेठजींशी नीट शहरी बोलत, माझ्याशी मात्र मध्येच गावाकडचं 'शे' यायचं. मी एकदा विचारलं, "महाराज, तोंडानं सांगितलं तर चालत नाही का?"

"माजींना दिसत नव्हतं ना, भाऊ." माजी म्हणजे शेठजींच्या आई. "तोंडानं सांगितलं की चिडायच्या. म्हणायच्या, आंधळी झाले म्हणून मला फसवता. मग ताट मांडलं. बोटांनी चाचपून सगळा बेत ओळखायच्या. गेल्या, पण सवय राहिली."

बेत करण्यात त्यांचं डोकं काय चालायचं ते तुम्ही पाहायला हवं होतं. कोणाचे दात हलतात, कोण साखर चोरून खातो, कोणत्या जावयाला आग्रह केलेला आवडतो, सगळं त्यांना पाठ. एकदा मुंबईचा एक कापूस-व्यापारी चार दिवस मुक्कामाला होता. तिसऱ्या दिवशी ताटात गोडाच्या जागी नुसती लवंग. शेठजी म्हणाले, "हे काय?" महाराज म्हणाले, "पाहुण्यांनी काल जिलेबी रुमालात बांधून मोत्याला घातली." मोत्या म्हणजे बंगल्याचा कुत्रा. शेठजी इतके हसले की झोपाळा थांबवावा लागला.

आणि तिथी. आठम-चौदसला, म्हणजे अष्टमी-चतुर्दशीला, त्या घरात हिरवं शिजत नसे, कोथिंबीरसुद्धा नाही. कांदा-बटाटा तर कधीच नाही. वीस वर्षांत महाराजांच्या हातून एकदाही चूक झाली नव्हती. त्यांची सगळी इभ्रत त्याच एका गोष्टीवर उभी होती.

शेठजींच्या धाकट्या मुलीला पाहायला धुळ्याचे पाहुणे यायचे होते. शेठजी पहाटेच त्यांना आणायला गेले, म्हणून ताट मोठ्या सूनबाईंपुढे मांडलं गेलं. या भाभीजी मुंबईत वाढलेल्या. त्यांनी ताट पाहिलं आणि बेदाण्याला हात लावला नाही. "इतकं सुकं? मटारच्या कचोऱ्या करा."

"आज चौदस आहे, भाभीजी."

"हल्ली कोण पाळतं? मी सांगते आहे ना."

महाराज आत गेले. थोड्या वेळानं त्यांनी मला बोलावलं. "भाऊ, एकदा फिरून विचारून या." मी विचारून आलो. "करा म्हणाल्या," मी सांगितलं.

नवऱ्या मुलाची आजी पानावर बसली, कचोरी मोडली, आतलं हिरवं पाहिलं आणि हात न धुता उठली. पंगत जागच्या जागी थांबली. शेठजींचा चेहरा पांढरा पडला. "हे कोणी केलं?"

महाराज दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, भाभीजींकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलीचं लग्न जुळायचं होतं. घरच्या सुनेचं नाव पाहुण्यांदेखत घेणं त्यांना जमणारं नव्हतं. हात जोडून म्हणाले, "चूक माझी." शेठजींनी त्यांना तिथल्या तिथं काढलं. आजींचा राग निवला, सोयरीक जुळली.

पाहुणे गेल्यावर बोलायचं काम माझं होतं. भाभीजी जाता जाता म्हणाल्या, "तुम्ही काही ऐकलेलं नाही. दिवाळीत तुमच्या कायम होण्याचं मी बघते." दुसऱ्या दिवशी शेठजींनी स्वतः विचारलं, "वीस वर्षांचा माणूस. असं कसं झालं, तुम्हाला काही ठाऊक आहे?"

"नाही," मी म्हणालो.

पाणी प्यायला रसोड्यात गेलो तर ओट्यावर ते ताट तसंच. मूग, हरभरे, पापड, रवा. हिरवं पान औषधालाही नाही. ताट उचलून झोपाळ्यापुढे ठेवायचं, एवढंच; महाराजांच्या बेतात हिरवं नव्हतंच हे शेठजींना दिसलं असतं. वीस पावलांचं अंतर. मी दाणे ज्याच्या त्याच्या डब्यात टाकले. डबे मला ठाऊक झाले होते. बेदाणा उरला, तो तोंडात टाकला आणि ताट धुऊन पालथं ठेवलं. दिवाळीत मी कायम झालो.

पाच-सहा वर्षांनी जिनिंगच्या कामासाठी धुळ्याला गेलो आणि एका खाणावळीत शिरलो. वाढायला महाराज आले. अंगावर मांस उरलं नव्हतं. मला ओळखलं, आणि हसले की हो.

"इथं काय बेत असतो?" मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"बेत कसला, भाऊ. डाळ आणि बटाटा. रोज तेच. चौदसला हिरवं वाढणाऱ्याला जैनाच्या घरात कोण उभं करील?"

मान खाली घालून मी जेवत राहिलो. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "त्या दिवसाचं ताट मी मुद्दाम मोडलं नव्हतं. ओट्यावर तसंच ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फाटकाबाहेर बसून होतो. वाटलं, कोणीतरी शेठजींना दाखवील. ताटमा बठ्ठं व्हतं. कोनी देखं का?"

"मी गेलो तेव्हा ओटा रिकामा होता," मी म्हणालो.

"मग भांडेवालीनं उचललं असेल," महाराज म्हणाले, आणि हात धोतराला पुसले. "तिला बिचारीला काय कळणार. डाळ वाढू?"

मी वाढा म्हणालो.