परवाचा वायदा

हैदराबादेत विद्यानगरच्या एका खासगी कॉलेजात फीच्या खिडकीमागे एक कारकून बसतात. घर जुनं हैदराबादी मराठी, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात 'परवा' म्हणजे आज आणि उद्या सोडून कुठलाही दिवस. निजामाचं राज्यही त्यांच्या लेखी परवाच गेलं. जिभेला हाड नाही. हप्ते पाडून मागणाऱ्या बापाला ते विचारतात, "फ्रिज घ्यायलाव का पोरगी शिकवायलाव?"

यंदा आमच्या शेजारच्या मुलीचं हॉल तिकीट अडलं. तिची फी सरकार भरतं, आणि ते पैसे आलेच नव्हते. परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. मी तिच्यासोबत खिडकीशी गेलो, तेव्हा पुण्याहून नुकतेच आलेले प्राचार्य तिथेच उभे होते. फीशिवाय तिकिटावर सही करायला ते तयार नव्हते.

"पैसे कधी येणार?" त्यांनी मुलीला विचारलं. तिने खिडकीकडे पाहिलं.

"परवा, सर," खिडकीतून आवाज आला.

"नक्की?"

"हौ सर, एकदम पक्कं. परवाच."

प्राचार्यांनी "म्हणजे गुरुवारी," असं पुटपुटत सही केली. आपापल्या मराठीत दोघेही बरोबर होते.

प्राचार्य केबिनमध्ये गेल्यावर मुलीचे डोळे भरून आले. ती आभार मानू लागली, तसं कारकुनांनी तिकीट तिच्यापुढे सरकवलं.

"रडू नको, बेटा, अभ्यास कर. नापास झालीस तर परत बसायची फी सरकार देत नाही. ती मी रोख घेतो."