मीठ सोडलेला मुलगा

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे माझ्या कुठल्याही विचित्र वागण्याचं घरात एकच स्पष्टीकरण असायचं: शिकलेले लोक असंच करत असतील. मी उभ्याने पुस्तक वाचलं तरी तेच, आणि सकाळी आरशासमोर उभा राहून दंड फुगवून पाहिला तरी तेच. आई शेजारच्या मावशीला सांगायची, "कॉमर्सला आहे ना, डोक्याला ताण असतो."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. निर्मळजवळच्या एका गावात आमची केळीची आणि भाजीची वाडी होती. मी सकाळी गास गावावरून सायकल हाणत नालासोपाऱ्याच्या एका गाळ्यात जायचो. त्या गाळ्याला सगळे जिम म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो. आत गंजलेल्या प्लेटा होत्या, फाटलेला एक बेंच होता, भिंतीवर परदेशी बॉडीबिल्डरांची मासिकांतून कापलेली चित्रं होती. मोठा आणि चांगल्या स्थितीतला असा फक्त आरसा होता. तिथून कॉलेज, कॉलेजातून वाडी.

बाबांना माझ्या लोखंडाचा राग नव्हता, त्यांना ते कळत नव्हतं. ते म्हणायचे, "उचलायचंच आहे तर केळीचा लोंगर उचल. तो उचलला की बाजारात जातो. तू लोखंड उचलतोस आणि परत तिथंच ठेवतोस."

मी लोंगरही उचलायचो, आणि सकाळी परत लोखंडाकडे जायचो.

त्या वर्षी मी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. ईस्टर झाला की परीक्षा, परीक्षा झाली की नोकरी, हे घरात ठरलेलं. जिम चालवणाऱ्या उस्तादांनाही ते ठाऊक होतं. एकदा डंबेल जाग्यावर ठेवता ठेवता ते म्हणाले, "नोकरी लागली की तू गेलास, भावा. डबा, ऑफिस, लग्न, पोट. लय बघितलेत. यंदा स्टेजवर उभा राहा, नायतर राहूनच जाईल."

ते मनात बसलं. जिंकायची भाषा मी स्वतःशीसुद्धा करत नव्हतो. पण एकदा, फक्त एकदा, दिव्यांखाली उभं राहायचं होतं. आणि घरी सांगून उभं राहायचं होतं. वाडीच्या कामातून सोडवून ज्यांनी मला कॉलेजात धाडलं, त्यांच्यापासून लपवून चारशे माणसांपुढे चड्डीवर उभं राहायचं, हे काही मला जमण्यासारखं नव्हतं.

स्पर्धा नव्या बिल्डिंगांमधल्या एका मंडळाने ठेवली होती. तारीख ऐकून मी गार पडलो. गुड फ्रायडे.

"उस्ताद, त्या दिवशी आमच्याकडे..."

"सुट्टी आहे ना! म्हणून तर ठेवलीय. पब्लिक घरी असते."

"आमच्याकडे सुट्टी नसते. आमच्याकडे त्या दिवशी येशू मरतो."

उस्तादांनी मनापासून विचार केला. "संध्याकाळी सातला आहे. तोपर्यंत आटपेल ना?"

मग त्यांनी मला खाणं आखून दिलं. तेल बंद, साखर बंद, भात बंद, मीठ बंद. "पब्लिकला साईज दिसत नाय, कटिंग दिसते, मसलची रेघन् रेघ. मीठ खाल्लंस की अंगात पाणी धरतं. पाणी धरलं की तू बटाटा." शेवटच्या दोन दिवसांत पाणीसुद्धा घोट घोट. उकडलेली कोंबडी मात्र भरपूर.

इथे पहिली अडचण आली. राखेचा बुधवार नुकताच झाला होता, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला होता. आमच्या घरी उपवासकाळाचे चाळीस दिवस मांस शिजत नाही. कोंबडीचं नाव काढताच आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच म्हणालो, "नको, राहू दे. अंड्यावर भागवतो. आणि आई, माझ्या जेवणात मीठ घालू नको."

"मीठ?"

"तेल पण नको. साखर पण नको."

आईचा हात भांड्यावर थांबला. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या पट्ट्यात लोक उपवासकाळात दारू सोडतात, विडी सोडतात, फार तर चहा सोडतात. मीठ सोडलेला माणूस तिने कधी पाहिला नव्हता.

मी ताबडतोब सांगितलं. हे मी जोर देऊन लिहितो, कारण पुढे कोणी विश्वास ठेवला नाही. मी म्हणालो, "आई, हे स्पर्धेसाठी आहे. बॉडीबिल्डिंगची स्पर्धा."

"बरं बरं," आई हळू आवाजात म्हणाली. "कोणाला सांगू नको. असा उपास गुपचूपच करायचा असतो."

आणि तिने मावशीला सांगितलं.

पुढचे दिवस मी खरं बोलत गेलो आणि माझी कीर्ती वाढत गेली. अंड्याचं पांढरं मी खायचो आणि पिवळं धाकट्या बहिणीच्या ताटात सारायचो, कारण पिवळ्यात चरबी. आई डोळे पुसायची: चांगलं ते बहिणीला देतो. बिनमिठाचा दुधी गिळताना माझं तोंड वाकडं व्हायचं, त्यात मावशीला वेदना दिसायची. एकदा ती मुद्दाम समोर येऊन बसली.

"खरं सांग रे बाबा, कसला नवस आहे? परीक्षेचा?"

"नवस नाही मावशी. स्टेजवर उभं राहायचंय. मसल दिसायला पाहिजेत."

"ऐकलंस?" मावशी आईला म्हणाली. "केवढी नम्रता. आमच्या कार्ट्याने एक दिवस टीव्ही सोडला तर अख्ख्या गल्लीला सांगत फिरला."

त्या आठवड्यात गावातली माझ्या वयाची मुलं माझ्याशी बोलेनाशी झाली. घराघरातून त्यांना माझं उदाहरण देऊन झोडपत होते. रविवारी मिस्सेत, देवळातल्या प्रार्थनेत, फादरांनी प्रवचनात त्यावर शेवटचा हात फिरवला. नाव घेतलं नाही. "आपल्याच धर्मग्रामातला, कॉलेजात शिकणारा एक तरुण अन्नातली चवसुद्धा देवाला वाहतो," एवढंच म्हणाले. सगळं देऊळ मागे वळलं. मी मान खाली घातली. मावशी कुजबुजली, "बघ, लाजला."

मिस्सा संपल्यावर मी फादरांना गाठलं आणि धीर करून म्हटलं, "फादर, माझं थोडं वेगळं आहे. मी हे शरीरासाठी करतोय."

फादर हसले. "शरीर हे देवाचं मंदिरच आहे, बाळा."

मी "हो फादर" म्हणालो आणि सायकल काढली.

अभ्यास तर सोडूनच द्या. ऑडिटिंगचं पुस्तक उघडलं की तोच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचायचो. भात नसेल तर मेंदू चालत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वर्गात समोरच्या बाकावरच्या मुलाचा वडापाव हेच मला त्या सहामाहीतलं सर्वांत स्पष्ट आठवतं.

मग गावातल्या शाळेचे सर घरी आले. दर वर्षी गुड फ्रायडेला, आमच्या पवित्र शुक्रवारी, दुपारी गावात तरुण मुलं क्रुसाची वाट करतात, म्हणजे येशूने क्रूस वाहिला तो प्रसंग रस्त्याने चालत, चौदा मुक्कामांवर थांबत उभा करतात. सर तो बसवायचे. माझ्या अंगामुळे दर वर्षी मला रोमन शिपाई मिळायचा. हातात चाबूक, डोक्यावर पुठ्ठ्याचं शिरस्त्राण. या वर्षी सर म्हणाले, "येशू तू."

"मी? सर, माझे दंड बघा."

सरांनी दंड बघितले आणि त्यांचा चेहरा पडला. "खरंय. येशू उपाशी होता, तू रेड्यासारखा दिसतोस. पण फादरांनी सांगितलंय, जो खरा उपास करतो त्यालाच द्या. लांब बाह्यांचा झगा घालू." मग म्हणाले, "दहाव्या मुक्कामाला झगा काढतात, तेव्हा श्वास सोडून उभा राहा. फुगवू नकोस, माझी शपथ."

आई दारात उभी होती. तिच्याकडे बघून नाही म्हणवलं नाही. सर गेल्यावर मी तिला पुन्हा सांगितलं, "आई, त्याच दिवशी संध्याकाळी माझी स्पर्धा आहे." ती म्हणाली, "अभ्यासाचं संध्याकाळी बघू." तिने 'स्पर्धा परीक्षा' ऐकलं असावं किंवा काहीच ऐकलं नसावं. माणूस खूश असला की त्याला फार कमी ऐकू येतं.

पवित्र शुक्रवारी ऊन असं होतं, की डांबर चपलेला चिकटत होतं. मी तर अनवाणी. आदल्या दिवसापासून दोन-चार घोटांवर होतो. क्रूस कोणी पोकळ केला असेल अशी माझी भाबडी समजूत होती. तो सागाचा होता. क्रूस वाहताना येशू तीनदा पडतो; वाडीच्या कुंपणाजवळ पहिलं पडणं झालं, ते ठरलेलं. देवळाच्या वळणावर दुसरं, तेही ठरलेलं. तिसरं पडणं जिथे झालं तिथे ते ठरलेलं नव्हतं. पोटरीत गोळा आला, दोन्ही पाय वाकले आणि मी क्रुसासकट आडवा झालो.

बायका हुंदके द्यायला लागल्या. शिपाई झालेला मुलगा चाबूक तसाच धरून माझ्या कानाशी म्हणाला, "ऊठ ना रे, मार खायचाय तुला अजून." मला उठता येत नव्हतं. गर्दीला वाटत होतं, काय जीव ओतलाय.

फक्त आईला कळलं. ती ओळ मोडून आली, रस्त्यात बसली आणि तांब्या माझ्या तोंडाला लावला. लिंबू, साखर आणि मीठ. चांगलं चमचाभर मीठ.

"पी."

तांब्या ओठांशी असताना मी काय विचार करत होतो? येशूचा नाही. मला उस्ताद दिसत होते, बटाटा म्हणताना. मग एक घोट जिभेला लागला आणि मी सगळा तांब्या संपवला. तेवढी चव मला आयुष्यात पुन्हा कशाला आलेली नाही.

दहाव्या मुक्कामाला सरांनी माझा झगा उतरवला. मी श्वास सोडून उभा राहिलो, खरंच प्रयत्न केला. पण महिनाभर आरशासमोर केलेली सवय. लोक समोर दिसले आणि पाठ आपोआप पसरली. पहिल्या रांगेतला एक पोरगा आपल्या आईला म्हणाला, "मम्मी, हा येशू त्या शिपायांना मारू शकतो ना?" सरांनी डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर पेज झाली. मी पिशवीत टॉवेल आणि पोझिंगची चड्डी भरली आणि आईसमोर जाऊन उभा राहिलो.

"आई, मी स्पर्धेला चाललोय. नालासोपाऱ्याला. अंगाला तेल लावून, उघडं उभं राहून शरीर दाखवायचं. त्यासाठी मीठ सोडलं होतं. देवासाठी नाही."

या वेळी तिने ऐकलं. पदराला हात पुसले. मग म्हणाली, "सगळं? पिवळं पण?"

"पिवळ्यात चरबी असते."

कोपऱ्यात बाबा हसायला लागले. पवित्र शुक्रवारी आमच्या घरात कोणी हसत नाही. आई त्यांच्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"माझा रेझर कोण बोथट करतंय ते बघत होतो," बाबा म्हणाले. "देवासाठी कोणी पोटऱ्यांचे केस काढत नाही."

"मग बोलला का नाही?"

"तू खूश होतीस."

आई चुलीकडे तोंड करून बसली. "फादरांनी प्रवचनात सांगितलं. गावभर झालं. आता मी काय तोंड दाखवू?"

"क्रूस तर त्याने खराच उचलला," बाबा म्हणाले. "मागच्या वर्षीचा येशू देवळापर्यंत पण पोचला नव्हता. त्याला रिक्षात घालून आणला."

मी उभाच होतो. ती नको म्हणाली असती तर मी पिशवी ठेवली असती. हे तेव्हाही मला माहीत होतं, आणि त्याचा रागही येत होता. शेवटी ती म्हणाली, "आजच्या दिवशी उघडा उभा राहणार?"

"हो."

"दुपारी पण राहिलासच म्हणा. सगळ्या गावापुढे." ती उठली. "जा. फादरांना मी सांगते. पण सोमवारपासून पुस्तकातून डोकं वर काढलंस तर बघ. आणि खांद्याला हळद लाव, सोललाय."

हळद लावूनच गेलो. उस्तादांनी पिवळा खांदा पाहिला, पोटावर बोट टेकवलं आणि वर माझ्याकडे पाहिलं.

"पाणी प्यायलास."

"तांब्याभर."

"मीठ?"

"होतं."

त्यांनी माझ्या अंगाला तपकिरी रंग फासायला घेतला, जसा आपण लग्नघर असलं म्हणून पडकी भिंतही रंगवतो.

माझ्या वजनगटात आम्ही सातजण होतो. बाकीचे सगळे दोन-तीन दिवस पाण्याविना कोरडे राहिलेले. त्यांच्या अंगावर शिरांचे दोर दिसत होते आणि चेहरे असे, की आत्ताच कोणीतरी घरचं गेलंय. हॅलोजनखाली एकाच्या मांडीत गोळा आला, दोघांनी धरून नेला. मी गुळगुळीत, भिजलेला, सांगितलेली प्रत्येक पोझ देत होतो. समोर बिल्डिंगांतली माणसं पोरांना खांद्यावर घेऊन भेळ खात होती. मला कोणी ओळखत नव्हतं. नंबर आला नाही. येण्याचं काही कारणही नव्हतं.

खाली उतरल्यावर टाय लावलेले एक परीक्षक भेटले. म्हणाले, "बॉडी सॉफ्ट आहे तुझी. पुढच्या वेळी पाणी तोड. पण एक विचारू? त्या लायनीत सगळे मरायला टेकलेले, आणि तू एकटा हसत होतास. कशाला?"

मी टॉवेलने रंग पुसत होतो. म्हणालो, "घरी सांगून आलोय, सर."