चोथ्याचा चहा आणि माझं डोकं

लग्न होऊन मी मंगरूळपीरहून इंझोरीला आले आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी डोकं धरलं. धरलं म्हणजे काय, कपाळ फुटतं की काय असं! सहा-सात दिवसांनी आपोआप गेलं. दिवाळीला माहेरी जाऊन आले, पुन्हा तेच. संक्रांतीनंतर पुन्हा. सासूबाई सुंठ उगाळून लावायच्या, पण आता त्यांचा विश्वास उडाला.

"माहेरात बरी राहते अन् इथं आली का डोकं! ढोंग कायले करून राह्यली? पुढच्या खेपेले गेली त तिथंच राह्यजो. मी काही पोराले घ्याले पाठवत नाही."

खोटं नव्हते हो बोलत मी! पण भीतीपेक्षा नवल जास्त वाटत होतं. माहेरात असं काय आहे, जे इथं नाही? केसांचं तेल बदलून पाहिलं. चुलीपासून लांब बसून पाहिलं. पाणी गाळून, उकळून प्यायले. छे! राहता राहिला चहा. पण चहा तर इथंही रोज पीत होते.

फक्त इथली रीत वेगळी. पहिल्या उकळीचा चहा सासऱ्यांना, नवऱ्याला, पाहुण्यांना. मग त्याच चोथ्यात पाणी आणि गूळ घालून पुन्हा उकळायचं, ते आम्हा बायकांचं. गुळानं रंग तसाच दिसायचा, म्हणून कोणी विचारच केला नाही. माहेरी मात्र वडील स्वतःच्या कपातला चहा मला बशीत ओतून देत.

त्या दुपारी डोकं ठणकत असताना पहिल्या उकळीतला पेलाभर चहा मी पदराआड प्यायले. तासाभरात डोकं मोकळं! दुसऱ्या दिवशी मुद्दाम चोथ्याचाच घेतला. दुपारी कपाळ दाबून बसले, पण आनंद काय झाला होता म्हणून सांगू! चहातल्या ज्या द्रव्याची सवय अचानक तुटली की आठवडाभर डोकं धरतं, त्याला कॅफीन म्हणतात, ते बहुतेक पहिल्याच उकळीत उतरतं आणि भुकटीतून तर पानापेक्षाही लवकर, हे फार पुढं वाचलं.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला पेल्यासकट पकडलं.

"माणसाइचा चहा चोरून राह्यली?"

"दवा हाय ते माह्या डोक्याची. तुमी पेऊन त पाहा!"

मला खोटी पाडायलाच त्यांनी पेला तोंडाला लावला. एक घोट घेतला. मग दुसरा. मग चुलीपुढं बसून सावकाश सगळा संपवला. त्या उठल्या, चोथा बाहेर फेकून आल्या आणि दोघींपुरतं नवं आधण ठेवलं.

"ढोंग नाही तुह्यं," त्या म्हणाल्या. "तीस वर्सं झाले मी या घरात चहा करून राह्यली. मले वाटे, या गुळाच्या पाण्यासाठी बुढा एवढा जीव कायले टाकते."