राखाडी व्याही

आमच्या घरात भूत नाही. निदान बाबांचं तरी तसं म्हणणं. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले देव आणि भुतं एकदमच बाहेर काढली, हे ते आल्यागेल्याला चहा यायच्या आत सांगून टाकायचे. गावाबाहेरच्या पडक्या विहिरीजवळून मात्र स्वतः भराभर चालायचे. विचारलं तर म्हणायचे, "तिकडं मच्छर लय हायेत."

म्हणून मामानं मोबाइलवर तो जुना काळापांढरा विनोदी सिनेमा आणला तेव्हा बाबांना हर्ष झाला. मामा गोंदियाला ऑटो चालवतो, त्यामुळे त्याची मराठी नेहमी अर्ध्या रस्त्यात गाडी बदलते. "एकदम झकास पिक्चर है भाऊजी, भूत पाहून हसी येते," तो म्हणाला. सिनेमा इंग्रजी. मढ्यांचे तुकडे शिवून बनवलेला एक धिप्पाड माणूस, एक रक्त पिणारा साहेब, पौर्णिमेला लांडगा होणारा एक बिचारा, आणि या तिघांच्या तावडीत सापडलेले दोन बावळट मित्र. संवाद कुणालाच कळले नाहीत. बाबा हसता हसता खाटेवरून खाली आले.

"भुतावर हासलं का भूत मेलं," डोळे पुसत ते म्हणाले. "यंदा मंडईत आपण हेच करून राहिलो."

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसाढवळ्या जत्रा, मिठाईची दुकानं, मैदानात दंडारीचं नाटक. पण मंडईचं खरं काम सोयरिकीचं. पाहुणे येतात, मुलगी बघतात, आणि नाही पटली तर "आमी तं मंडई पाह्यले आलतो" म्हणून निघून जातात. कुणाचाच अपमान होत नाही. त्या वर्षी मला बघायला तिरोड्याकडचे पाहुणे येणार होते.

मुलगा मला आवडला होता, सरळ सांगते. मी नर्स. आधी आलेल्या प्रत्येक स्थळानं माझी रात्रपाळी कधी सुटेल ते विचारलं होतं. यानं फोनवर विचारलं, "मंग तू झोपतेस कवा?" बस, मी तिथंच होकार देऊन बसले होते, मनातल्या मनात. पण निर्णय त्याच्या आईच्या हातात होता. ती बाई म्हणे हसत नाही आणि बोलतही नाही. एका घरी पाण्याच्या पेल्यावर बोटाचा ठसा दिसला तर चहा न घेता उठली. त्यानंतर आईनं आमचे पेले इतके घासले की त्यांच्यावरचं आजीचं नाव पुसत आलं.

इकडे बाबा तिन्ही भुतांचा रंग शोधत होते. त्यांचं ठाम मत, सिनेमात भूत काळंपांढरं आहे, तर मंडईतही ते तसंच दिसलं पाहिजे.

"तुमी तं म्हणता भूत नाई," आई म्हणाली. "मंग त्याचा रंग तुमाले कसा मालूम?"

बाबांनी राइस मिलमधून धानाच्या कोंड्याची राख आणली आणि मोहाच्या बियांच्या तेलात कालवली. मंडईच्या आदल्या दिवशी तालमीसाठी तिघांनी ती चोपडली. बाबा शिवलेला माणूस, कपाळावर काजळाचे मोठे मोठे टाके. मामा रक्त पिणारा. काका लांडगा. रंग एकदम झकास बसला. इतका बसला की उठेनाच.

साबण झाला, बेसन झालं, रॉकेल झालं. आईनं भांडी घासायची घासणी घेतली तेव्हा बाबा अंगणभर पळाले. तेल निघालं तर राख मागं राही, राख निघाली तर चामडी लाल होई. संध्याकाळी तिघं ओळीनं ओट्यावर बसले होते, ओल्या सिमेंटच्या रंगाचे. मला इतका संताप आला की रडूही येईना. "उद्या माझं काय होणार याचा कुणी विचार केला का?" मी ओरडले. बाबांनी मान खाली घातली. शिवलेल्या माणसाला मान खाली घालताना पाहून मला आणखी राग आला, कारण हसू यायला लागलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या कुणाला बसवायचं होतं बैठकीत. पण सोयरिकीच्या बैठकीला मुलीचा काका, मामा आणि बाप, म्हणजे होणारा इवाई, लागतातच. त्यांच्याशिवाय बोलणी नाही. आमच्याकडे हे तिघंही होते, फक्त तिघंही भुतं होते.

पाहुणे सकाळीच आले. रिवाजाप्रमाणे बापानं दारात पाय धुवायला पाणी द्यायचं असतं. बाबा तांब्या घेऊन पुढे झाले, कपाळावर टाके, आणि म्हणाले, "जयभीम जी. या, बसा." मुलाचे वडील तांब्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "जयभीम," आणि पाय पुढे केला. त्याच क्षणी जणू ठरलं की या विषयावर कुणी काही बोलायचं नाही.

"शेती किती हाय तुमची?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"खाऊन पिऊन पुरते जी," शिवलेला माणूस म्हणाला.

"पोरगी नोकरी सोडन काय?"

"नाई सोडणार," रक्त पिणारा मामा म्हणाला. त्याचा ओठ तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं लाल झाला होता. बाबा त्याच्या कानात कुजबुजले, "थुक ना लेका, लाल दिसून राहिलं." बैठक तशीच चालू राहिली.

तेवढ्यात काका आले. दंडार दुपारी, पण अंगभर धानाची तणस, म्हणजे वाळका पेंढा, बांधायला वेळ लागतो म्हणून ते आधीच लांडगा होऊन बसले होते. नमस्कार करून ते गोठ्याकडे पाठ करून टेकले. आमच्या गाईनं मान लांब केली आणि लांडग्याला खायला सुरुवात केली. काका मुलाच्या वडिलांना धानाचा भाव सांगत होते आणि मधूनमधून नुसतं "हाट" म्हणत होते. मी चहाचा ट्रे धरून दारात उभी. मुलानं माझ्याकडे पाहिलं, मग गाईकडे, आणि दात ओठावर घट्ट दाबून मान खाली घातली.

त्याची आई मात्र दगडासारखी बसलेली. चहा घेतला, पेला उजेडात धरून पाहिला, ठेवला. मला एक शब्द विचारला नाही.  आता ती उठणार आणि मंडई पाह्यले आलतो म्हणणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

ती उठली. "निंगतो आमी," म्हणाली. "मंडई पाहाची हाय."

बाबाही उठले.  मुलानं काहीतरी करायचं म्हणून मोबाइल काढला आणि म्हणाला, "आई, एक फोटो तं काढू दे." सगळे उभे राहिले, त्यांच्याकडचे रंगीत, आमच्याकडचे राखाडी. तिनं मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं.

"काऊन रे, याच्यात काळापांढरा फोटू निंगत नाई काय?"

"निंगते ना."

"मंग तसा काढ. सोयरे एका रंगाचे दिसले पायजेत."

कुणालाच लगेच कळलं नाही. आधी माझ्या आईला कळलं, ती पदर तोंडाशी धरून आत गेली. मग बाबांना. त्यांचे डोळे भरून आले, पण तेलकट गालावर पाणी ठरेना, थेंब घरंगळून सरळ सदऱ्यावर पडत राहिले.

दुपारी दंडार झाली. सासूबाई अगदी पुढे बसल्या होत्या, मला शेजारी घेऊन. बाबा पडद्यामागून हात पसरून आले तशी लेकरं किंचाळली आणि एक म्हातारी चक्क उठून पळाली. सासूबाई हसल्या नाहीत. शेजारच्या अनोळखी बाईला कोपरानं ढोसून त्या म्हणाल्या, "तो शिवलेला हाय ना, तो माहा इवाई."