बर्फातलं शून्य

मंगळवार, बारा तारीख, खारदांड्याचं मासळीचं कोल्ड स्टोरेज. हजर: ते चालवणाऱ्या मावशी, मी आणि आमच्या अंधेरीच्या ऑफिसातला तो. चहा गरम आहे म्हटलं तरी तो "कशावरून?" विचारतो. त्याच्यासमोर मला कायम आरोपी असल्यासारखं वाटतं.

त्या दिवशी नवा कॉम्प्युटर बसवला होता. मी त्याचा तापमानाचा सेन्सर बर्फात धरला, पडद्यावर शून्य आलं, यादीत टिक केली.

"कशावरून?"

"शून्य दिसतंय ना रे!"

"शून्य उलटं वाचलं तरी शून्यच." त्याने सेन्सर बर्फातून काढून मुठीत धरला. दोन मिनिटं झाली तरी पडद्यावर शून्यच.

"सेन्सर आकडा दोन बाइटमध्ये, म्हणजे दोन तुकड्यांत पाठवतो, मोठा आधी. हा कॉम्प्युटर धाकट्याला आधी धरतो. मग एकतीसचे होतात सात हजार नऊशे छत्तीस."

अशक्य आकडा आला तर आधीचाच दाखवायचा, हा नियम माझा होता.

"म्हणजे माझी सुरमय सडली तरी हा शून्यच सांगणार?" मावशी कडाडल्या. "मेल्यांनो!"

"बाइट किती आणि आधी कुठला, हे कॉम्प्युटरवर सोडायचं नसतं. आपणच लिहायचं," म्हणत त्याने तिथेच बसून दुरुस्ती केली. पुन्हा मूठ. एकतीस. तरी चेहऱ्यावर समाधान नाही.

"दहिसरला कोणी तपासलं?"

मीच. गेल्या महिन्यात, असाच कॉम्प्युटर, असाच बर्फ. तिथल्या मालकाला लगेच फोन लावला.

"एकदम झकास, साहेब! महिनाभर आकडा शून्यावरून हललेला नाही."

ती टिक खोडली आहे. दहिसरला जाणं बाकी आहे.