कडेला चार चिमटे

काकांचा उजवा हात तीनदा मोडला होता. पहिल्यांदा कत्तलखान्यात, बैलाने भिंतीशी चेपला तेव्हा. पुढच्या दोन्ही वेळा माणसांना मारताना. तिसऱ्या वेळचा माणूस पुन्हा कधी सरळ चालला नाही. त्याबद्दल काकांनी सहा वर्षं तुरुंगात काढली.

सुटल्यावर त्यांनी पुलाखालच्या गल्लीत खानावळ टाकली. चार टेबलं. मागे स्वयंपाकघर, त्याला गल्लीत उघडणारं एक दार. सुरीला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही. मटण दुकानातूनच तुकडे होऊन यायचं. "ह्या हाताला आता पळीच बरी," म्हणायचे.

खानावळीत एकच कायदा होता. ताटावर बसलेल्याला, त्याचं जेवण होईपर्यंत, नावगाव विचारायचं नाही. तुरुंगात सहा वर्षं रोज ताटाआधी नाव आणि नंबर सांगावा लागला होता. त्याची चीड काकांच्या पोटात अजून होती.

मग एके दिवशी एक बाई दारात आली. जबडा सुजून एका बाजूला गेलेला. बाहीवर वाळलेलं रक्त. काकांनी काही न विचारता वाटीभर रस्सा पुढे ठेवला, कारण तिला चावता येत नव्हतं. वाटी रिकामी झाल्यावर ती आपणहून बोलली.

"नवरा शोधत येईल. सापडले तर जिवंत ठेवणार नाही."

"कांदा चिरता येतो?" काका म्हणाले.

ती राहिली. माळ्यावर झोपायची, पुढच्या खोलीत कधी यायची नाही. तिने नाव बदललं, केस कापले, काजळ सोडलं. एक गोष्ट तेवढी सुटली नाही. रोटी तव्यावर टाकण्याआधी ती तिच्या कडेला चार चिमटे काढायची. चार दिशांना चार.

"ही नक्षी कोणासाठी गं?" काकांनी एकदा विचारलं होतं.

"नक्षी कसली काका. हाताची खोड आहे. कळतही नाही मला."

काकांनी ते हसण्यावारी नेलं.

तिला येऊन तीन वर्षं झाली, तेव्हा एक पाहुणा आला. परदेशातला, पोस्टात टपाल वाटून निवृत्त झालेला, गोल पोटाचा. आठ दिवस शहर पाहायला आला आणि पहिल्या दुपारीच काकांच्या टेबलाला चिकटला. त्याची भाषा तोडकी होती, पण थट्टेला पुरायची.

"काका, किल्ला बघायचा राहिलाय, बाजार राहिलाय. मी आपला रोज तुमचं ताट बघतोय."

"बघा बघा. जाताना विमानात दोन खुर्च्या लागतील."

"लागू देत. एकीवर मी, एकीवर तुमचा रस्सा."

काका हसायचे, आणि न मागता आणखी एक पळी ओतायचे. आतून तीही हसायची, तोंडावर हात धरून. जबड्याला हसायची सवय उरली नव्हती.

सहाव्या दिवशी पाहुणा तळं पाहायला निघाला. बसचा प्रवास मोठा. काकांनी स्वतः दोन रोट्या कागदात बांधून दिल्या.

सातव्या दुपारी पाहुणा परत आला तो एकाला बरोबर घेऊन.

"काका, हे बसमध्ये भेटले. मी अर्धी रोटी पुढे केली तर हातात धरून बघतच बसले. म्हणाले, मला तिथं न्या. म्हटलं, चला, आपलंच घर आहे."

माणूस नीटनेटका होता. इस्त्रीचा शर्ट. हात धुऊन बसला. काकांनी ताट मांडलं. त्याने रोटी उचलली, पण मोडली नाही. कडेवरून बोट फिरवलं. एक. दोन. तीन. चार.

"गरम आहे तोवर खा," काका म्हणाले.

"खातो की. कोणाच्या हातची?"

"खानावळीच्या."

"हात तर बाईचा दिसतो."

आपण कोण, कुठले, हा प्रश्न काकांच्या जिभेवर आला. पण ताट भरलेलं होतं. त्यांनी प्रश्न गिळला. रश्श्याचं पातेलं आणायला ते पुढच्याच खोलीच्या कोपऱ्यातल्या शेगडीकडे वळले. पातेलं उचलून फिरले, तर खुर्ची रिकामी होती.

आत त्याने तिची मान मागून धरली होती. दुसऱ्या हाताने तिचा उजवा पंजा तापल्या तव्यावर दाबून ठेवला होता. वास आधी आला. ती ओरडत नव्हती. त्याच्या मारात न ओरडणं ती फार आधी शिकली होती.

"तीन वर्षं," तो हळू आवाजात म्हणत होता. "तीन वर्षं लोक मला हसले."

काकांनी उकळतं पातेलं त्याच्या पाठीवर उपडं केलं. तो किंचाळून वळला. पाटावरची सुरी त्याच्या हातात आली. पहिला वार काकांच्या दंडात गेला, दुसरा बरगडीखाली. काकांनी त्याचं मनगट पकडून पिरगळलं. हाड मोडल्याचा आवाज झाला. सुरी पडली. काकांनी ती उचलली नाही. त्यांनी त्याचं डोकं धरलं आणि चुलीच्या दगडी कडेवर आपटलं. मग पुन्हा. दात फरशीवर सांडले.

"काका, बास," ती म्हणाली.

त्यांना ऐकू गेलं नाही. आणखी दोनदा आपटलं. हात चौथ्यांदा मोडला, तेव्हा थांबले.

माणूस घुसमटत श्वास घेत होता. मेला नव्हता. दारात पाहुणा उभा होता, हात पुसायचा रुमाल अजून हातात. "मला काय माहीत," एवढंच म्हणत होता. "मला काय माहीत हो."

गल्लीत माणसं ओरडू लागली होती. काका जमिनीवर बसले. शर्ट काळा होत चालला होता.

"पोस्टमनसाहेब, रडू नका. टपाल पोचवायचात ना? हिला पोचवा."

"कुठं?"

"मला सांगू नका. मला विचारणार आहेत."

तिने ओल्या फडक्यात हात गुंडाळला होता. काकांनी तिच्याकडे पाहिलं.

"पोरी, जाशील तिथं ते चिमटे काढू नकोस."

तिने फडकं सोडून हात दाखवला. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांना चिकटून गेली होती.

"आता निघायचे नाहीत, काका."

मागच्या दाराने दोघं गेली. पाहुण्याने आपला कोट तिच्या खांद्यावर टाकला होता.

पोलिसांनी दवाखान्यातच सुरुवात केली. बाई कोण? कुठून आली? कुठं गेली?

"आमच्याकडे विचारत नाहीत," काका म्हणाले. महिनाभर तेच म्हणाले.

जुना गुन्हा निघाला. या वेळी अकरा वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातल्या पहिल्या दुपारी खिडकीतून ताट आलं. शिपायाने ते अर्ध्यात धरून ठेवलं.

"नाव? नंबर?"

काकांनी दोन्ही सांगितलं. मग डाव्या हाताने रोटी उचलली, तिच्या कडेवरून बोट फिरवलं. कड गुळगुळीत होती. ते जेवायला बसले.