ओढ्यापर्यंतचा हुकूम

माझं माहेर आणि सासर यांच्यामध्ये एक ओढा होता. अलीकडे इंग्रजांचा सातारा जिल्हा, पलीकडे सांगली संस्थान. गुरं, बैलगाड्या, वऱ्हाडं, सगळं त्यातूनच जायचं. ती हद्द आहे हे कोणी मनावर घेतलं नव्हतं.

नवरा लढाईत मारला गेला. मी मुलीला घेऊन माहेरी राहिले. वर्षभरानं दीर आला आणि गावच्या जत्रेला म्हणून तिला घेऊन गेला. जत्रा उठली, मुलगी आली नाही. "आमच्या घरची पोर हाय, आमच्यातच वाढंल," असा निरोप आला.

मी साताऱ्याच्या जिल्हा कोर्टात गेले. मुलगी आईच्या ताब्यात द्यावी, असा निकाल मिळाला. वकील म्हणाला, संस्थानात अडचण येईल. माझा भाऊ हसला. "आवं, कसली अडचण? ओढा तर हाय!"

बेलिफ हुकूम घेऊन आला आणि नेमका त्या ओढ्याच्या काठावर थांबला.

"बाई, माझा हुकूम या पाण्यापर्यंतच."

आम्ही येणार हे गावभर झालं होतं. पलीकडे दीर चार माणसं घेऊन उभा होता. मुलीचं मनगट त्याच्या हातात.

"या की सायेब! पाय वलं हुत्यात व्हय?" तो ओरडला. माणसं खिदळली.

"आये, मी यिऊ?" मुलगी म्हणाली.

मी पाण्यात उतरले, पलीकडे गेले. दिरानं मनगट सोडलं नाही, तरी तिला जवळ घेतलं. केसांत उवा झाल्या होत्या. करंजाचं तेल लावा, असं दिराला सांगितलं आणि एकटीच परत आले.

मग सांगलीच्या वकिलानं समजावलं. इंग्रजी मुलखात तालुक्याला मुन्सफाचं कोर्ट, त्यावर साताऱ्याचं जिल्हा कोर्ट, त्यावर मुंबईचं हायकोर्ट. संस्थानातही तशीच उतरंड, फक्त लहान. खालची कोर्टं आणि वर स्वतःचं हायकोर्ट. साताऱ्याचा निकाल तिथे परक्या मुलखातला. मी तिथल्या कोर्टात पुन्हा पहिल्यापासून अर्ज केला. तारखा पडत राहिल्या. मुलीला भेटायला गेले की जाऊ दारातच चहा द्यायची आणि पोर मळ्यात गेलीय म्हणायची. पुढे मी जाणं सोडलं आणि कोर्टावरच भरवसा ठेवला.

स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झालं. जुनी कोर्टं मोडली, नवी बसेपर्यंत कामं अडकून पडली. मला उलट बरं वाटलं. आता अलीकडे-पलीकडे एकच राज्य, एकच हायकोर्ट. तिच्यासाठी परकराचा खण घेऊन ठेवला.

नव्या कोर्टातल्या पहिल्याच तारखेला दिराचा वकील उठला. मुलीचं लग्न झालंय, ती नवऱ्याकडे नांदते, अर्जात काही उरलं नाही.

न्यायाधीशांनी मला विचारलं, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही."

अर्ज निकाली निघाला. भावाबरोबर बाहेर आले, तर व्हरांड्यात दीर भेटला. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"वैनी, घर लय चांगलं हाय. बागायत हाय."

"मला बोलवा म्हणाली होती का ती?"



"म्हनली व्हती. लय रडली. पर तुमी तिला कोर्टाच्या मानसाबरं घिऊन गेला असता."

मी तिच्या सासरचं गाव विचारलं. त्यानं सांगितलं. मी भावाला म्हटलं, आधी घरी चल, खण घ्यायचाय.